जुन्या चित्रपटांवर पुन्हा लिहिताना : नागपूरकरांचे अनुभव

जुन्या चित्रपटांवर एके काळी हौसेने लिहिणारी, मग नोकरी आणि संसाराच्या रगाड्यात ते बाजूला ठेवलेली आणि आता पुन्हा लिहिती झालेली मंडळी नागपुरात बरीच आहेत, असे गप्पांमधून लक्षात आले, म्हणून हे अनुभव मागवीत आहे. सुरुवात माझ्यापासून करतो. मी पुन्हा लिहू लागलो तो 'कुंकू' (१९३७) पाहून. व्ही. शांताराम यांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलेले नाही. प्रसंगात जे आवाज स्वाभाविकपणे असतील तेवढ्यांवरच त्यांनी भिस्त ठेवली, आणि म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीरेची घुसमट त्यामुळे थेट आपल्यापर्यंत येते. कथा सर्वांना ठाऊक असतात. तेव्हा प्रत्येकाने एखादाच प्रसंग, एखादीच करामत जवळून पाहून लिहावी, एवढी विनंती.

धंतोली, निवृत्त शिक्षिका

'संत तुकाराम' (१९३६) म्हटले की तुकारामांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनीस यांचेच नाव निघते, आणि ते योग्यच आहे. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, याचाही उल्लेख आवर्जून होतो. मला मात्र लिहावेसे वाटले ते गौरी यांनी उभ्या केलेल्या जिजाईविषयी. पोर आजारी पडल्यावर ती हातात पायताण घेऊन थेट विठोबाच्या देवळात त्याला जाब विचारायला निघते. घरात दाणा नाही, नवरा अभंगांत रमलेला, आणि तरी त्या रागात भक्तीच दडलेली आहे, कारण ज्याच्यावर हक्क वाटतो त्याच्याशीच माणूस असे भांडतो. सेवेत असताना उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली माझे लिखाण दबून गेले होते. आता सकाळचा चहा झाला की मी वही उघडते आणि जिजाईसारख्या स्त्रियांविषयी लिहिते. जुन्या मराठी चित्रपटांत त्या पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याविषयी व्हायला हवे तेवढे लेखन झालेले नाही.

महाल

माझे वडील चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवीत असत, त्यामुळे लहानपणी मी पडद्याइतकेच त्यांच्या हातांकडे पाहिले आहे. दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी असत. एकावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटे. त्याबरोबर वडील दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करीत, आणि साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका दिसताच प्रकाश एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेत. प्रेक्षकाला पत्ताही लागत नसे. प्रकाश कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ज्योतीचा असे; कांड्या जळत जात, त्यांच्यातले अंतर सतत सांभाळावे लागे, आणि जरा दुर्लक्ष झाले की पडदा काळवंडून खालून शिट्ट्या सुरू होत. नागपूरच्या मे महिन्यात त्या खोलीत उभे राहणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. आज जुना चित्रपट मोबाइलवर पाहतानासुद्धा, त्याची प्रत वापरलेल्या रिळांवरून उतरवलेली असेल तर ते ठिपके दिसतात. मुलीला मी ते दाखवले, तेव्हा तिनेच हे सारे लिहून ठेवण्याचा आग्रह धरला. वडिलांच्या कामाविषयी लिहिता लिहिता आता मी त्या चित्रपटांविषयीही लिहू लागलो आहे.

प्रतापनगर

मी मिहानमध्ये नोकरी करते. दिवसभर काम इंग्रजीत चालते, म्हणून चित्रपटांवर मराठीत लिहिण्याचा मला आधार वाटतो. 'कागज़ के फूल' (१९५९) हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, चित्रपट. त्यातल्या रिकाम्या स्टुडिओत तिरपा उतरणारा तो प्रकाशझोत छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी मोठ्या आरशांनी बाहेरचे ऊन आत वळवून मिळवला होता. हे कळल्यावर तेवढेच दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिले. झोतात तरंगणारी धूळ, दोन माणसांमधले अंतर आणि त्या रुंद चौकटीतली रिकामी जागा यांवरच माझा पूर्ण लेख झाला. चित्रपट त्या काळी चालला नाही आणि गुरुदत्त यांनी त्यानंतर दिग्दर्शक म्हणून आपले नाव पुन्हा लावले नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

सदर

एकाच प्रसंगावर लिहावे हे मान्य, परंतु चित्रपटाची कोणती प्रत पाहिली हेही लिहिले पाहिजे. 'मुग़ल-ए-आज़म' (१९६०) मुळात बहुतांश कृष्णधवल होता. शीशमहालातल्या गाण्याला पडदा एकाएकी रंगांनी भरून जाई, आणि लिबर्टी, स्मृती या आमच्या भागातल्या टॉकीजमध्ये वाढलेल्या वडीलधाऱ्यांकडून त्या क्षणाचे वर्णन मी कितीदा ऐकले आहे. २००४ साली तो संपूर्ण रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला. रंगकाम मेहनतीचे आहे, पण आधीपासून सगळेच रंगीत असल्यावर शीशमहालाचा तो धक्का उरत नाही. दिग्दर्शक के. आसिफ यांची योजनाच त्यामुळे झाकली जाते. नव्या पिढीने रंगीत प्रत पाहिली तरी हरकत नाही. मात्र त्यानंतर कृष्णधवल जरूर पाहावी.

पुन्हा मी, धागा सुरू करणारा

महालच्या मित्रांनी कार्बनविषयी आणखी सविस्तर लिहावे. ते काम जाणणारी माणसे आता फार थोडी आहेत. माझा पुढचा लेख 'शेजारी'वर (१९४१) असेल. प्रभात फिल्म कंपनीने तो हिंदीत 'पडोसी' या नावानेही काढला. त्यातल्या मुसलमान शेजाऱ्याची, मिर्झाची, भूमिका दोन्हींत गजानन जागीरदारांनी केली; हिंदू शेजारी मात्र मराठीत केशवराव दाते यांनी रंगवला आणि हिंदीत मज़हर ख़ान यांनी. म्हणजे हिंदी चित्रपटात हिंदू नटाने मुसलमान आणि मुसलमान नटाने हिंदू साकारला आहे. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि इथल्या कित्येक घरांत दोन्ही भाषा नांदतात, तेव्हा दोन्ही चित्रपट पाहिलेले कोणी ना कोणी येथे असणारच. दाते आणि मज़हर ख़ान यांच्या अभिनयात त्यांना काय फरक जाणवला, ते माझा लेख पूर्ण होण्याआधी वाचायला मिळाले तर फार बरे होईल.