हिमालयात पहिला ट्रेक: पेरणी-सोंगणी सांभाळून कोणता महिना धरावा?

दर्यापूरवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं दर्यापूर तालुक्यातले. दोघं शेतकरी (कपाशी, तूर, सोयाबीन, रब्बीत हरभरा), एक झेडपीच्या शाळेतले सर, एक मेडिकल दुकानवाला. वयं ३२ ते ५१. सगळ्यांत मोठे आहेत त्यांना बीपीची गोळी चालू आहे. गाव खारपाणपट्ट्यात (खाऱ्या भूजलाचा सपाट पट्टा), म्हणजे डोंगर म्हणून काही नाही. चढायचं तर चिखलदराच गाठावं लागतं. हिमालयात चौघंही पहिल्यांदाच जाणार.

जिथं वाचावं तिथं "ऑक्टोबर बेस्ट" असं लिहिलेलं. ऑक्टोबरात आमची सोयाबीनची सोंगणी, मळणी आणि लगेच हरभऱ्याची पेरणी. तेव्हा घर सोडणं शक्य नाही. मग मे-जून धरावा, की थंडीत जावं? पोळ्यानंतर सोंगणीपर्यंत थोडी उसंत असते, तेव्हा जमेल का? बर्फ पाहायची सगळ्यांनाच हौस आहे. एकूण ८-९ दिवस काढू शकतो.

देवदार_वरुड

ऑक्टोबर चांगला का म्हणतात ते आधी पाहा, म्हणजे त्याला पर्याय शोधता येतो. पश्चिम हिमालयातून मान्सून सप्टेंबरअखेरीस परततो, हवेतली धूळ धुतली गेलेली असते, शिखरं स्पष्ट दिसतात आणि जोराचा बर्फ अजून सुरू झालेला नसतो. एवढंच. ती काही हमी नव्हे. २०२१ मध्ये १७ ते १९ ऑक्टोबरला उत्तराखंडात जोरदार पाऊस आणि वर बर्फ झाला, त्यात लामखागा खिंड आणि सुंदरढुंगा भागात ट्रेकर दगावले. २०१४ च्या ऑक्टोबरात हुदहुद वादळाचे अवशेष नेपाळात पोचले आणि थोरोंग ला खिंडीत ऐन सीझनमध्ये मोठी जीवितहानी झाली.

हिमालयाच्या हवामानात मुख्यतः तीन गोष्टींचा खेळ असतो. पहिली मान्सून. सिक्कीम-दार्जिलिंगकडं तो जूनच्या सुरुवातीलाच पोचतो आणि निघतोही उशिरा. उत्तराखंड-हिमाचलात साधारण २० जूननंतर. दुसरी पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या थंडीतल्या हवामान प्रणाली. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात डिसेंबर ते मार्च जो बर्फ पडतो तो यांच्यामुळं. (फेब्रुवारी-मार्चात आपल्या हरभऱ्यावर गारपीट होते, तेव्हाही बऱ्याचदा यांचाच हात असतो.) तिसरी दुपारचे ढग. मे-जूनमध्ये सकाळ निरभ्र असते, ऊन तापलं की दरीतून वाफ वर चढते आणि दुपारी एक-दोननंतर गडगडाट, गारा. त्यामुळं या दिवसांत पहाटे निघायचं आणि उंचीचं ठिकाण अकरा-बाराच्या आत सोडायचं, हा नियम. दुपारी चारला खिंडीत असलेला गट म्हणजे कुणीतरी सकाळी आळस केलेला गट.

आता तुमचं शेतीचं कॅलेंडर यावर बसवू.

जानेवारीअखेर ते फेब्रुवारी मध्य: तूर निघालेली, हरभरा घाट्यावर. बर्फच बघायचा असेल तर याहून चांगला काळ नाही. उत्तराखंडातला केदारकांठा (३,८१० मीटर, सुरुवात सांकरी गावातून) याच दिवसांत करतात. वाट तुडवलेली असते, पण कॅम्पवर रात्री उणे ५ ते उणे १०, आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला अंधार. जास्त बर्फ पडला की सांकरीचा रस्ताच एखाद-दोन दिवस बंद होतो. तेव्हा ९ दिवसांत एक दिवस रिकामा धरा.

मे ते १० जून: मशागत उरकून मृगाआधी मोकळीक असते. हर की दून (३,५६६ मीटर, हीही सांकरीहूनच) या काळात फार छान. बर्फ वाटेवर तुकड्या-तुकड्यांनी, समोर स्वर्गारोहिणी मात्र पांढरीशुभ्र. केदारकांठ्यावर मात्र मे मध्यानंतर बर्फासाठी जाऊ नका, गवताळ डोंगर बघून निराश व्हाल. मे महिन्यात पायाखाली बर्फच हवा असेल तर हिमाचलातल्या कसोलहून सार पास ही खिंड (सुमारे ४,२०० मीटर). यूथ हॉस्टेल असोसिएशनचा तिथला मे महिन्यातला कार्यक्रम स्वस्त पडतो. पण पहिल्या खेपेला, त्यात बीपी असलेल्या माणसाला घेऊन, मी तो सुचवणार नाही.

पोळ्यानंतर: उत्तराखंडात तेव्हाही पाऊस आणि दरडी चालू असतात. फुलों की घाटी १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असली तरी खरा बहर जुलै मध्य ते ऑगस्ट मध्य, म्हणजे तुमचं ऐन निंदण-डवरणीचं काम. सप्टेंबरात जायचं तर पर्जन्यछायेत जा. लडाखात वर्षभरात १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. काश्मीर ग्रेट लेक्स हा ट्रेकही सप्टेंबर मध्यापर्यंत चालतो. पर्जन्यछाया म्हणजे पाऊस नाहीच असं मात्र समजू नका, ऑगस्ट २०१० मध्ये लेहलाच ढगफुटी झाली होती.

दिवाळीनंतरचा नोव्हेंबर कुणी बोलत नाही, पण हवा वर्षातली सर्वांत स्वच्छ तेव्हाच. थंडी कडक, गर्दी कमी. दार्जिलिंगकडचं सांदकफू (३,६३६ मीटर) या महिन्यात उत्तम. तिथलं सिंगालीला राष्ट्रीय उद्यान १६ जून ते १५ सप्टेंबर बंद असतं, हे मे-जूनवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

पऱ्हाटीवाला

देवदारभाऊ, बाकी सगळं बरोबर, पण पोळ्यानंतर रिकामं कोन असते? त्याच टायमाले पऱ्हाटीले फुलं-बोंडं धरतात अन् बोंडअळीचं पाहा लागते. आठ दिवस नजर हटली तं फवारनी हुकते. नोव्हेंबरात वेचा चालू, मजूर भेटत नाही, मालक गायब तं वेचनारे दुसऱ्याच्या वावरात. कोरडवाहू कपाशीवाल्यासाठी दोनच टायम: मे नाईतर तूर निघाल्यावर. दर्यापूरवाले भाऊ, लेहचं इमान-बिमान डोक्यातून काढून टाका, आपल्या बजेटात बसत नाई थे.

ग्रामीण_दवाखाना

महिना ठरवताना तब्येतीचा हिशेब कुणी धरत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

३,५०० मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो, प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. हे मे महिन्यातही तसंच आणि जानेवारीतही तसंच. फरक असा की थंडीत माणूस पाणी कमी पितो, रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतो. ५१ वर्षांच्या बीपीवाल्या सदस्यासाठी त्यामुळं जानेवारीपेक्षा मे बरा. दोन महिने आधी डॉक्टरांना दाखवा, ईसीजी काढून घ्या. गोळी कोणती आहे तेही सांगा: लघवी वाढवणारी असेल आणि वर डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळण्याची गोळी) घेतलं तर पाणी आणि क्षार दोन्ही जास्त जातात. डायमॉक्स साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फाची अॅलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. मेडिकलवाले मित्र सोबत आहेत म्हणून चौघांनी मनानं सुरू करू नका.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागासाठी. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात बराच आहे, आणि "एएस" म्हणजे नुसता वाहक असलेल्या माणसाला गावात आयुष्यभर काही त्रास होत नाही. त्यामुळं पुष्कळांना आपण वाहक आहोत हेच माहीत नसतं. उंचीवर प्राणवायू कमी झाला की अशा काहींच्या लाल पेशी वाकड्या होतात, प्लीहेचा रक्तपुरवठा अडतो आणि डाव्या बरगडीखाली जोराची कळ येते, मळमळ होते. कंपनीचा गाइड त्याला गॅस समजून ईनो देतो. तिथं उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं आणि दवाखाना. चौघांनीही जाण्याआधी चाचणी करून घ्या; सरकारी दवाखान्यात होते, आणि पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पुढची तपासणी करून वाहक की रुग्ण ते ठरतं. "एसएस" म्हणजे रुग्ण असेल तर उंचीवर जायचंच नाही. वाहकानं डॉक्टरांशी बोलून, कमी उंचीचा आणि सावकाश चढणारा ट्रेक निवडावा.

बाकी नेहमीचं: ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, दिवसाला ३-४ लिटर पाणी, दारू बंद. डोकं दुखतंय आणि सोबत उलटी किंवा भोवळ असेल तर वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला, किंवा बसल्या जागी दम आणि खोकला, तर रात्र असली तरी खाली आणायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

बडनेरा_जंक्शन

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं. मे महिन्यातलं दिल्लीकडचं स्लीपर पहिल्याच दिवशी भरतं, म्हणून तारीख ट्रेकवरून नाही, तिकिटावरून ठरते. नागपूरहून दिल्ली सोपी. मूर्तिजापूर-अकोल्याकडून भुसावळला जाऊन तिथूनही गाड्या आहेत. दिल्ली ते डेहराडून बस किंवा रेल्वे. पुढं सांकरी साधारण २०० किलोमीटर, ८ ते १० तास, आणि गाड्या पहाटेच सुटतात. डेहराडूनला सकाळी नऊला उतरलात तर तो दिवस गेलाच. रोख पैसे पुरोल्यातच काढून घ्या. आणि ट्रेक संपेल त्याच रात्रीचं परतीचं तिकीट काढू नका.

दर्यापूरवाला

सगळ्यांचे आभार. सिकलसेलचं डोक्यातच नव्हतं, चौघांची तपासणी याच आठवड्यात करतो. सरांना फेब्रुवारीत रजा मिळत नाही, म्हणजे थंडी बाद. मग हर की दून, मे की जूनचा पहिला आठवडा? विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, त्यामुळं सर म्हणतात जूनच घ्या, गर्दी कमी असेल. आणि आमच्याकडं ४५ अंशात सराव कसा करायचा?

देवदार_वरुड

१० जूनपर्यंत जमतं असं मी म्हणालो खरं, पण पहिल्या खेपेला जून नको. गर्दी जूनमध्येही कमी नसते, चारधामची वाहनं तेव्हाही रस्त्यावर असतात. शिवाय मान्सूनपूर्व वादळी हवा वाढते. जून २०२४ च्या पहिल्याच आठवड्यात उत्तरकाशीतल्या सहस्रतालच्या वाटेवर हवा बिघडली आणि नऊ ट्रेकर गेले. ती वाट हर की दूनपेक्षा बरीच उंच आहे हे खरं, पण पहिल्याच ट्रेकला जूनची हवा कशाला अंगावर घ्यायची? आणि समजा रोहिणीतच पाऊस पडला तर तुमच्यातले दोघे डोंगरात उभं राहून घरी फोन लावत बसतील, आणि फोन लागणार नाही. १० ते २५ मे धरा.

वाट अशी: सांकरी, तिथून जीपनं तालुका नावाचं गाव, पुढं सुपीन नदीच्या काठानं गंगाड, ओसला-सीमा आणि मग हर की दून. ओसला साधारण २,५०० मीटरवर, म्हणजे उंची हळूहळू वाढते. दम खाऊन चढणारी वाट आहे, अंगावर येणारी नाही. गोविंद पशुविहाराचा परवाना नैटवाडच्या नाक्यावर होतो. आधारची झेरॉक्स आणि फिटनेस सर्टिफिकेट वरच्या कप्प्यात ठेवा. वर झोपताना दोन रात्री मिळतील असा कार्यक्रम घ्या. एका रात्रीत वर जाऊन पळत खाली आणणारे कार्यक्रम स्वस्त दिसतात, पण त्यात एक दुपार ढगात गेली की काहीच दिसत नाही.

पायी_मेळघाट

सरावाचं मी सांगतो. वावरात राबणाऱ्याला वाटतं आपल्याला काय अवघड. दम टिकतोही. पण आपलं सगळं काम सपाटीवर, आणि ट्रेकमध्ये गुडघे जातात ते उतारावर. मांडीच्या पुढच्या स्नायूला उतरायची सवय नसते म्हणून.

मार्चपासून पहाटे पाचला सुरू करा, सातला बंद. उन्हात सराव करून फक्त आजारी पडाल. आठवड्यात चार दिवस ५ किलोमीटर, सुरुवात भरभर चालण्यानं आणि शेवटी ४० मिनिटांच्या आत हळू धावत. दोन दिवस जिना, शाळेची गच्ची चालेल: १५ मिनिटांपासून ४५ मिनिटांपर्यंत वाढवा. पाठीवर ६-७ किलो, तेही पाण्याच्या बाटल्यांचं. गुडघा कुरकुरला तर वर पाणी ओतून हलकं होऊन उतरता येतं. एप्रिलमध्ये दोन रविवार चिखलदरा, गाविलगडाच्या परिसरात बॅग घेऊन पाच-सहा तास.

बूट घोट्याच्या वर येणारे, नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण उतारावर बोटं पुढं सरकून नखं काळी पडतात. दुकानात संध्याकाळी, जाड मोजे घालून मापा आणि निघण्याआधी किमान तीन आठवडे रोज वापरा. सांकरीत नवा बूट उघडणाऱ्याच्या टाचेला तालुका गावापुढंच फोड येतो. चालताना टाच गरम लागली की तिथंच थांबून चिकटपट्टी लावायची, फोड येईपर्यंत नाही.

कपड्यांत सुती काहीच नको. आपण कापूस पिकवणाऱ्यांनी हे लिहावं म्हणजे नवल, पण सुती बनियन घामानं भिजलं की वर वाळत नाही आणि थांबल्यावर अंग गारठवतं. आत पॉलिस्टरचा टी-शर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर फुगीर जॅकेट, बाहेरून पावसाचं पोंचो. उंची वाढली की दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. मे महिन्यात वर दिवसा १०-१५ अंश, पहाटे शून्याच्या आसपास. तुम्ही ४५ मधून थेट तिथं जाणार, त्यामुळं पहिल्या रात्री इतरांपेक्षा जास्त थंडी वाजेल. झोपायचे कोरडे कपडे आणि मोजे वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, ते दिवसा घालायचे नाहीत. बर्फाचे तुकडे लागतील तेव्हा काळा गॉगल लावाच, यूव्ही-४०० लिहिलेला, जत्रेतला नको. पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगच्या आत घ्या, बाहेर ठेवली तर सकाळी अर्धी उतरलेली असते.

१४ मे ला निघणार असाल तर १५ मार्चला सकाळी आठच्या आधी तिकिटाला बसा, चौघांचे आधार नंबर आणि वयं लिहून समोर ठेवा. परतीचं आरक्षण त्याच दिवशी उघडत नाही, ते आठ-नऊ दिवसांनी वेगळं काढावं लागतं; ती तारीख सरांच्या मोबाईलात आत्ताच लावून टाका.