कॅरल राऊंड ऊसतोडवाल्यांच्या पालावर न्यायचं का? संघात वाद झालाय

मिरजकर_तरुणसंघ
सलाम सगळ्यांना. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू झालाय, तिसऱ्या रविवारी आमच्यात गुलाबी मेणबत्ती लागते म्हणजे आनंदाचा रविवार, त्याच आठवड्यात कॅरल राऊंड, म्हणजे घरोघरी जाऊन नाताळची गाणी. दरवर्षी आपल्याच लोकांच्या घरी गातो, करंज्या खातो, येतो. यंदा एकजण म्हणाला गावाबाहेर ऊसतोडवाल्यांची पालं पडलीत तिकडं जाऊ, बीडकडची माणसं आहेत, बारकी पोरं पहाटे थंडीत आईबापाबरोबर फडात असतात. तर मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, एक वडीलधारे म्हणाले नाताळ आनंदाचा सण, त्यात मजुरी, न्याय हे राजकारण कशाला घुसवता. आता अर्धा संघ इकडं अर्धा तिकडं. मला खरंच कळंना.

सातारची_काकू
त्या वडिलांना बायबलातलं लूक १ मधलं मरीयेचं गीत वाचायला लावा की. देवानं सत्ताधाऱ्यांना गादीवरनं खाली ओढलं, भुकेल्यांना पोटभर दिलं, श्रीमंतांना रिकाम्या हातानं घालवलं, हे एक गर्भार पोरगी आनंदानं गातेय बरं का, मोर्च्यात नाही. आणि गुलाबी रविवारचं ते आनंद करा फिलिप्पैकरांस ४:४ मधलं, पौलानं कैदेत बसून लिहिलेलं. शिवाय आमच्या साताऱ्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ ला मिशनचं काम सोडून देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेलेही चालायचे. भिंतीबाहेर जायचं काय नवीन नाही आपल्याला.

वाळव्याचा_ऊसवाला
मी पण मंडळीतलाच, ३ एकर ऊस आहे. तोडणीची टोळी आली की आधी खुशालीचे, म्हणजे मजुरीवर वरचे, पैसे मागते, नाही दिले तर ऊस वाळतोय फडात, वर ट्रॅक्टरवाल्याची एंट्री, म्हणजे त्याचे वरचे पैसे, वेगळी. तुमच्या न्यायात आम्ही कुठं बसतो तेवढं सांगा.

सातारची_काकू
@ऊसवाला बसता की. लूक ३ बघा, लोक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात आम्ही काय करावं. जकातदाराला तो नोकरी सोड म्हणत नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नको म्हणतो. शिपायाला म्हणतो कुणाला लुबाडू नको, पगारात भागव. खुशाली त्यात आलीच. पण टोळी कशामुळं मागते तेही बघा, हंगामाआधी मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, हिशेबात नवराबायको मिळून एकच कोयता, म्हणजे एक मजूर, धरतात, बाईचा वेगळा हिशेब कुठंच नाही, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापतात. तुमच्याकडनं निघतात तेवढे काढतात, दुसरं कोण सापडतंय त्यांना? आणि संघातल्या पोरांनो, ब्लँकेट वाटताना फोटो काढू नका मेहरबानी करून.

मिरजकर_तरुणसंघ
अपडेट. काल दोघं जाऊन नुसतं विचारून आलो. बायका म्हणाल्या गाणी म्हणा पण रात्री ९ ला नको, आम्हाला पहाटे ४ ला उठायचं असतं. ब्लँकेटचं कुणी काढलंच नाही, पाण्याचं काढलं, हंडा घेऊन लांब जावं लागतंय. जवळचं शेत नेमकं त्याच वडिलांचं निघालं, बोअर आहे तिथं. घाबरतच सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले पाइप माझ्याकडं पडून आहे, ढोलकी आणता तसं ते पण घेऊन जा. शनिवारी संध्याकाळी ६ ला निघतोय. @ऊसवाला भाऊ तुम्ही पण या, तुमची टोळी तीच असेल तर समोरासमोर बोला.

वाळव्याचा_ऊसवाला
येतो. करंज्या मी आणतो, खुशाली म्हणून नाही.