मदत हवी आहे: वेबसाइटवर फोटो टाकताना जेपीजी, पीएनजी की वेबपी?

नमस्कार मंडळी, हस्तलिखितांच्या स्कॅनची एक छोटी वेबसाइट बनवतेय आणि फॉरमॅटवर गाडी अडलीये. साध्या फोटोंना जेपीजी मस्त चालतं, पण पानं जेपीजीत सेव्ह केली की अक्षरांच्या कडेला राखाडी ठिपके येतात, झूम केलं तर मात्रा आणि अनुस्वार अगदी धुरकट दिसतात. जेपीजी ८×८ पिक्सेलच्या चौकोनात माहिती गाळतं म्हणून काळं-पांढरं जिथे एकदम भेटतं तिथे असं होतं, एवढं कळलंय. पीएनजीत काहीच गाळलं जात नाही, अक्षर एकदम स्वच्छ, पण जुन्या कागदाचा पोत असल्यामुळे फाइल इतकी फुगते की मोबाइलवर पान उघडेपर्यंत वाचणारा निघून जाईल.

आता वेबपी बघतेय, ते २०१० मध्ये गूगलने आणलं, त्यात माहिती गाळणारा (लॉसी) आणि न गाळणारा (लॉसलेस) असे दोन्ही प्रकार आहेत. अशा पानांना कुठला घ्यावा? सेव्ह करताना क्वालिटी १०० पैकी ८०च्या आसपास ठेवली तर अक्षरं टिकतात का, कोणी करून पाहिलंय? एव्हीआयएफ या आणखी नव्या फॉरमॅटमध्ये फाइल अजून लहान होते म्हणतात, पण जुन्या ब्राउझरसाठी पिक्चर टॅगमध्ये (एकाच फोटोचे पर्यायी फॉरमॅट देणारा एचटीएमएल कोड) जेपीजी पण द्यावं लागेल ना? लोगो एसव्हीजीतच (पिक्सेलऐवजी आकारांनी बनणारा फॉरमॅट) ठेवलाय, त्याचा प्रश्न नाही.

मूळ स्कॅन टिफमध्ये जपून आहेत, त्यामुळे परत बनवायला हरकत नाही. अक्षर वाचता यायलाच हवं, बाकी तडजोड चालेल. प्लीज सांगा.