अभियांत्रिकी सोडून संग्रहालयाची वाट धरावी का?

तळटीप :
काल येथे ‘गोदाकाठ’ यांनी लिहिले की, त्यांची भाची अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातून बाहेर पडून प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय घेऊ पाहते आहे आणि पुढे संग्रहालयात काम करण्याच्या नावाखाली ‘बापाच्या पैशावर मूर्तींची धूळ पुसायला’ निघाली आहे. त्याखालचे हसणारे प्रतिसाद वाचून सविस्तर लिहिणे भाग पडले. धूळ पुसणे हे प्रशिक्षित माणसाचेच काम आहे; ओल्या फडक्याने पुसलेल्या मूर्तीवरचा सुटू लागलेला रंगाचा पोपडा त्या फडक्याबरोबरच निघून येतो. बडोद्याच्या विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. १९८९ साली दिल्लीत स्थापन झालेल्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेने कलेचा इतिहास, जतन आणि संग्रहालयशास्त्र हे तिन्ही विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवले. भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली उघडले, नंतर त्याची रया गेली, आणि २००८ मध्ये ते पूर्ववत झळकून पुन्हा खुले झाले ते काही आपोआप नव्हे. हौशी माणसांच्या भरवशावर अशी कामे होत नाहीत.

गोदाकाठ :
धूळ हा शब्द मागे घेतो. आता आपण पगार सांगावा. भावोजी एसटीत वाहक आहेत आणि पहिल्या वर्षाचे शुल्क त्यांनी शैक्षणिक कर्ज काढून भरले आहे. राज्याच्या संग्रहालयांत अभिरक्षक आणि सहायक अभिरक्षक यांची पदे बोटांवर मोजण्याइतकी असतात आणि त्यांची जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नसतो. बडोदा आणि दिल्ली यांची नावे ऐकायला बरी वाटतात, परंतु बँकेचा हप्ता नाशकात भरावा लागतो.

अर्धविराम :
पगाराबद्दल गोदाकाठ यांचे म्हणणे खोडता येत नाही, कारण मी त्यातूनच गेले आहे. एका संग्रहालयात मी कंत्राटावर होते; काम तज्ज्ञाचे, हजेरीपटावर नाव ‘मदतनीस’, आणि गणपतीपूर्वीचे मानधन दिवाळी उलटली तरी आलेले नव्हते. तरीही तेथे मी जे पाहिले त्यामुळे या विषयाची माणसे कमी नव्हे, जास्त हवीत असेच माझे मत झाले. नोंदवहीत एका सुंदर कोरीव देव्हाऱ्यापुढे ‘लाकडी वस्तू, जुनी’ एवढेच लिहिले होते. ती कोठून आली, कोणी दिली, कधी दिली, काहीच नाही. नोंदी अशा ठेवायच्या आणि मग वाघनखे कोणाची यावर वर्तमानपत्रांतून भांडत बसायचे, ही आपली रीत.

सह्याद्रीपुत्र :
भाचीच्या शिक्षणात वाघनखे आणण्याचे प्रयोजन काय? जुलै २०२४ मध्ये ती लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा ती पाहण्यासाठी मी आईला घेऊन रांगेत उभा होतो. ज्यांना श्रद्धाच नाही त्यांनी नोंदवह्यांचे दाखले देऊन इतरांचा आनंद नासवू नये.

तळटीप :
आपल्या आईच्या आनंदाला कोणीही हात लावलेला नाही. मात्र त्या वाघनखांच्या पेटीवरचा इंग्रजी मजकूर आपण वाचला आहे काय? शिवाजी महाराजांनी ‘मोगल सेनापती’ मारला तो याच शस्त्राने, आणि ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट, म्हणजे इंग्रज कंपनीचे प्रतिनिधी, असताना पेशव्यांच्या पंतप्रधानांकडून ते त्यांना मिळाले, असे तो मजकूर सांगतो. अफजलखान आदिलशाहीचा सरदार होता, हे शाळकरी मूलही सांगेल. डफ १८१८ ते १८२२ साताऱ्यास होते, म्हणजे वध आणि ही भेट यांत सुमारे १६० वर्षांचे अंतर पडते. ही तीच वाघनखे आहेत याची खातरजमा करता आलेली नाही, असे ती ज्याच्या संग्रहातली आहेत ते लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय स्वतःच म्हणते. वस्तू कोणाच्या हातून कोणाकडे गेली हे कागदाकागदाने शोधणे, हेच तर ती मुलगी शिकू पाहते आहे.

सह्याद्रीपुत्र :
मजकूर इंग्रजांचा, चूक इंग्रजांची. त्यामुळे वाघनखे खोटी ठरत नाहीत.

तळटीप :
ठरत नाहीत, आणि खरीही ठरत नाहीत. हे ठरवण्याजोगे कागद शोधायला माणसे लागतात, आणि त्या माणसांना आपण येथे फुकटे म्हणतो.

सह्याद्रीपुत्र :
मी कोणालाही फुकटे म्हटलेले नाही. जे म्हणाले त्यांना जाब विचारा आणि माझ्या तोंडी शब्द घालणे बंद करा.

मधुमालती :
वाघनखे बाजूला ठेवून भाचीकडे यावे, ही विनंती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या पदव्युत्तर वर्गाला इतर शाखांचे पदवीधरही येतात. मग हातातली पदवी पूर्ण करून तिकडे वळण्यात कोणाचे काय बिघडते? संग्रहालयातील नोकरी लांबली, तर अभियंत्याची पदवी पोट भरेल.

अर्धविराम :
सल्ला शहाणपणाचा आहे, पण तो उत्तीर्ण होणाऱ्या मुलीसाठी आहे. नावडत्या विषयात एटीकेटी घेत चारांची सहा वर्षे झाली, तर ते शुल्क कोण भरणार?

गोदाकाठ :
तिचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला आहे, हे मी काल लिहिले नव्हते, कारण ते येथे सांगण्याची गरज वाटली नाही. आपण सर्व विद्वान आहात, हे मान्य. भावोजींना सांगेन की सुट्टी मिळेल तेव्हा तिला घेऊन डेक्कन कॉलेजात चौकशी करून यावे, मात्र तोवर तिने प्रवेश रद्द करू नये. कर्जाच्या हप्त्याचे उत्तर येथे कोणीही दिलेले नाही. निदान अर्धविराम यांनी एवढे तरी सांगावे, की ते थकलेले मानधन शेवटी मिळाले का?

अर्धविराम :
मिळाले. कंत्राट पुढे चालू ठेवायचे असल्यास नव्याने अर्ज करावा, असेही सोबत कळवले होते, आणि मी तो केला आहे.