मदत हवी आहे: ऑटिस्टिक प्रौढ, ईएमडीआर आणि "माहीत नाही"

अबोली:
समुपदेशक आहे, ईएमडीआरचं (त्रासदायक आठवण मनात धरून नजर डावी-उजवीकडे फिरवत किंवा थापट्या मारत, फेऱ्याफेऱ्यांनी करायचा उपचार) मूलभूत प्रशिक्षण झालंय. क्लायंट ऑटिस्टिक तरुण, विषय शाळेतला छळ. प्रत्येक फेरीनंतर "त्रास ० ते १० मध्ये किती?" विचारलं की उत्तर "माहीत नाही" नाहीतर "ठीक". सत्रात चेहरा कोरा, दोन दिवसांनी घरी मेल्टडाउन (ताण असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटणं). "सुरक्षित जागा डोळ्यांसमोर आणा" म्हटलं तर काहीच दिसत नाही म्हणतो. पुढे जाऊ का?

रानजाई:
नको. आठवणीवरचं काम थांबवा आणि दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे तयारीवर, परत या. "माहीत नाही" ही टाळाटाळ नसावी. बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना अलेक्झिथिमिया असतो, भावना असते पण ओळखता येत नाही. आकडा सोडा, शरीर विचारा: जबडा आवळलाय? हात गार पडलेत? उत्तर फक्त "हो" किंवा "नाही", तेही लिहून किंवा बोट दाखवून. "ठीक" हे तुम्हाला बरं वाटावं म्हणूनही येतं.

चित्र दिसत नसेल तर कल्पनेतली जागा हवी कशाला? जड गोधडी, हेडफोन, आवडत्या विषयाची वही द्या. पंचेंद्रियांचा ५-४-३-२-१ व्यायाम (दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्श होणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन असं मोजत जाणं) जपून. ट्यूबलाइटची गुणगुण आधीच छळत असेल तर तिच्याकडेच लक्ष द्यायला लावणं म्हणजे आगीत तेल. हात हलवत असेल, डुलत असेल तर अजिबात थांबवू नका. बोटामागे नजर फिरवणं जड जात असेल तर त्याने स्वतःच गुडघ्यांवर आळीपाळीने थापट्या माराव्यात.

पारवा:
एक भर. आठवण परत येते ती कशी, हे आधी तपासा. वास, आवाज अचानक येऊन "आत्ताच घडतंय" वाटत असेल तर तो फ्लॅशबॅक. "ते असं का वागले?" हे तासन्‌तास उलगडत बसणं वेगळं, तिथे न कळलेला दुवा शोधला जात असतो. त्यावर थापट्यांचा फारसा उपयोग नाही. कागदावर कालरेषा काढा, कोणाला तेव्हा काय ठाऊक होतं ते लिहा.

अबोली:
आणि उशिराचा मेल्टडाउन?

रानजाई:
प्रतिक्रिया उशिरा पोहोचते, म्हणून सत्राच्या शेवटच्या आकड्यावर विसंबू नका. पुन्हा सुरू कराल तेव्हा आठवणीचा एकच तुकडा घ्या, फेऱ्या निम्म्यावर आणा, शेवटची १५ मिनिटं मोकळी ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठरल्या वेळी मेसेज करा. ते दिवस लग्नकार्य, गर्दीपासून मोकळे ठेवायला घरच्यांना सांगा. मेल्टडाउनमध्ये स्वतःला इजा होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना लगेच सामील करा. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरच्यांकडे लिहून ठेवा, मराठीतही बोलता येतं.