मुदुमलाईतील झाडे दरवर्षी का तपासतात?

प्रश्न: तामिळनाडूतील मुदुमलाईच्या पानझडी जंगलात भारतीय विज्ञान संस्थेने 1988 मध्ये 50 हेक्टरांचा कायमस्वरूपी भूखंड आखला आणि तेव्हापासून तिथल्या झाडांची नोंद सुरू आहे, असे वाचले. झाडे इतकी सावकाश वाढत असताना दरवर्षी तिथे जाण्याचे कारण काय?

उत्तर 1: वाढ सावकाश होते, मरण मात्र तसे नसते. जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर ज्याचा व्यास किमान 1 सेंटिमीटर भरतो, अशा प्रत्येक खोडाची तिथे स्वतंत्र नोंद आहे. ते वणव्यात जळाले की हत्तींनी मोडले, हे वेळेत पाहिले तरच कळते. काही वर्षांनी तिथे केवळ रिकामी जागा उरते. (खोडांची जाडी दरवर्षी मोजत नाहीत; त्याची गरजही नाही.)

उत्तर 2: हत्तींचा वाटा मोठा आहे. त्यांच्या आवडीच्या वारंग या झाडाची संख्या त्या भूखंडात झपाट्याने घटली. पनामातील बारो कोलोराडो बेटावरच्या तितक्याच मोठ्या भूखंडात हत्तींचा प्रश्नच नाही. तिथे 1982-83 च्या एल निनोमुळे पडलेल्या दुष्काळात झाडांचे मृत्यू वाढले.

प्रश्नकर्ता: म्हणजे पावसाच्या नोंदीही सोबत हव्यातच.

उत्तर 1: अर्थात. त्यांच्याशिवाय दुष्काळ आणि वणवा यांचे परिणाम वेगळे काढणे अवघड जाते.