मधला खंड तारखा जुळवून वाचावा की छापलाय तसाच?

पलासियाकर:
आपल्या इंदूरच्या वाचनगटानं दिवाळीनंतर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' घ्यायचं ठरवलंय, म्हणून आधीच वादाला तोंड फोडतो. कादंबरी थोर, पण मधला खंड फसलाय. टॉल्किननं लिहिली एकच सलग कादंबरी. 1954-55 मध्ये ती तीन खंडांत निघाली. आत सहा भाग, 62 प्रकरणं. दुसऱ्या खंडाच्या पूर्वार्धात, म्हणजे तिसऱ्या भागात, 11 प्रकरणं अ‍ॅरागॉर्न, जादूगार गँडाल्फ, मेरी आणि पिपिन यांची. लढाया, चालतीबोलती झाडं, सगळं रंगलेलं. आणि दुष्ट सॉरॉनची, नष्ट करायची ती अंगठी ज्याच्या गळ्यात तो फ्रोडो गायब! मग चौथ्या भागात सलग 10 प्रकरणं फ्रोडो, त्याचा सोबती सॅम आणि अंगठीमागे लागलेला गॉलम. खडक, दलदल, उपासमार. आख्यान रंगात असताना बुवांनी पुन्हा पूर्वरंग लावावा, तसली गत.

उपाय आहे. परिशिष्ट ब मध्ये दिवसवार नोंदी आहेत. 26 फेब्रुवारीला अंगठीसोबत निघालेली मंडळी फुटतात. 29 ला इकडे मेरी-पिपिन ऑर्कांच्या, म्हणजे शत्रूच्या राक्षसी सैनिकांच्या, तावडीतून सुटतात आणि त्या झाडांपैकी ट्रीबियर्डला भेटतात, तिकडे फ्रोडो कडा उतरतो आणि गॉलम हाती लागतो. याच हिशेबानं प्रकरणं आलटूनपालटून वाचा.

जुनी इंदूर:
भिया, हे करू नका. तिसरा भाग 5 मार्चला संपतो, चौथा 13 मार्चला, फ्रोडो जिवंत पकडला जातो तिथे. एकदा सांधायला बसलात की पाचवा आणि सहावा भागही सांधावाच लागतो, कारण सहावा सुरू होतो 14 मार्चला. आता पाचव्याचा शेवट बघा. 25 मार्च, शत्रूच्या मुलखाच्या काळ्या दरवाजापुढे सॉरॉनचा दूत तीन वस्तू काढतो: सॅमची तलवार, एल्फांचा करडा झगा, फ्रोडोचं मिथ्रिलचं चिलखत. छापील क्रमानं वाचणाऱ्याला एवढंच ठाऊक असतं की फ्रोडो शत्रूच्या हाती आहे. गँडाल्फइतकाच तोही हादरतो. तारखा जुळवणाऱ्यानं मात्र सॅमनं त्याला सोडवल्याचं आधीच वाचलेलं असतं. मग त्या दूताचा फुसका बार होतो.

पलासियाकर:
मी फक्त मधल्या खंडाचं बोलतोय. पाचव्या-सहाव्याला हात लावायचा नाही, कबूल.

जुनी इंदूर:
तरी बिघडतंच. काळा दरवाजा बंद असलेल्या प्रकरणात फ्रोडो वाट शोधत बसलेला असताना निवेदक सांगतो, की त्याच वेळी गँडाल्फ ऑर्थंक बुरुजाच्या पायऱ्यांवर फितूर जादूगार सारुमानशी बोलत होता. हा प्रसंग आपण तिसऱ्या भागात वाचलेला असतो, म्हणून ते वाक्य काळजाला लागतं. सांधा लेखकानंच घातलाय. 'इकडे काय झालं, तिकडे काय झालं' हे आपल्या पोथीतही असतंच की.

कंदीलवाली:
पलासियाकर काका, रेंगाळतो तो पहिला खंड, सहावं ते आठवं प्रकरण. जुनं रान, टॉम बॉम्बाडिल, थडग्यांच्या टेकड्या. बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात. सहावं गाळलं तर चालेल. सातव्यात टॉम अंगठी बोटात घालतो आणि इतरांसारखा अदृश्य होत नाही. अंगठीचं काय करायचं हे ठरवणाऱ्या एलरॉंडच्या सभेत ती त्याच्याकडे सोपवण्याची चर्चा निघते ती यावरूनच. आणि आठवं तर मुळीच गाळू नका. थडग्यातून मिळालेलं जुनं पातं मेरी पाचव्या भागात नाझगुलांच्या, म्हणजे सॉरॉनच्या भुताळी स्वारांच्या, म्होरक्याच्या गुडघ्यामागे खुपसतो. दुसऱ्या कुठल्या पात्यानं ते साधलं नसतं. सभेच्या प्रकरणात सगळे बसून नुसते बोलतात, ते मात्र दोन बैठकांत वाचा. नावं वहीत टिपा. गाण्यांचं म्हणाल तर फ्रोडोच्या नातलग बिल्बोचं, एआरेंडिल या जुन्या वीरावरचं लांबलचक गाणं पहिल्या वाचनात सोडलं तरी चालतं.

जुनी इंदूर:
ताई, सहावंही राहू द्या हो. हॉबिट, म्हणजे फ्रोडोसारखी बुटकी मंडळी, आपल्या गावाची वेस ओलांडतात ते तिथेच.

पलासियाकर:
ते पात्याचं मान्य. चौथ्या भागाची दलदल मला अजूनही जड वाटते. परिशिष्ट उघडणाऱ्यांसाठी एकच: 30 फेब्रुवारी दिसली तर छापखान्याला शिव्या घालू नका, तिथल्या पंचांगात प्रत्येक महिना 30 दिवसांचा आहे. बॉम्बाडिलवर रविवारी पोह्यांसोबत भांडू.